आंबोणातील प्रथिनांचा हिशेब: भारित सरासरी, गुणोत्तर आणि पाण्याचा भाग

बेंगळूरूच्या परिसरात नाचणीचे काड हा दुभत्या जनावरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा चारा आहे. शहराचा विस्तार झाला, आसपास बिअरचे कारखाने उभे राहिले आणि त्यांतून बाहेर पडणारा बार्लीचा ओला चोथाही गोठ्यांत पोहोचू लागला. पशुपोषणाच्या तक्त्यांत नाचणीच्या काडात सुमारे ४ टक्के आणि या चोथ्यात सुमारे २५ टक्के कच्ची प्रथिने दिलेली आढळतात. एखाद्या पशुपालकाला या दोहोंचे १२ टक्के प्रथिनांचे मिश्रण करावयाचे आहे, असे समजू. त्याने शाळेत शिकलेले मिश्रणाचे गणित मांडले, काड १३ भाग आणि चोथा ८ भाग असे उत्तर काढले आणि काट्यावर १३ किलो काड व ८ किलो ओला चोथा मोजून गव्हाणीत टाकला. त्याच्या वजाबाकीत किंवा गुणोत्तरात कोठेही चूक नाही. तरीही गव्हाणीतील मिश्रणात १२ टक्के नव्हे, तर ७ टक्क्यांहूनही कमी प्रथिने आहेत. तेवढ्यावर दूध टिकत नाही, आणि दूध का घटले याचा शोध मग जंतांपासून वातावरणापर्यंत सर्वत्र घेतला जातो. हिशेबाच्या वहीकडे मात्र कोणी पाहत नाही.

ही चूक कोठे झाली हे समजण्यासाठी प्रथम मिश्रणाच्या गणिताचा पाया पक्का करावा लागतो.

टक्का मिसळत नाही, पदार्थ मिसळतो

दूध संकलन केंद्रावरील साधे उदाहरण घ्यावे. एका घरातून ३.५ टक्के स्निग्धांशाचे १० किलो गाईचे दूध आणि ७ टक्के स्निग्धांशाचे ५ किलो म्हशीचे दूध एकाच कॅनमध्ये आले. कॅनमधील दुधाचा स्निग्धांश किती? ३.५ आणि ७ यांची साधी सरासरी ५.२५ येते आणि ते उत्तर चुकीचे आहे. गाईच्या दुधातून ३५० ग्रॅम आणि म्हशीच्या दुधातूनही ३५० ग्रॅम स्निग्ध पदार्थ कॅनमध्ये गेला. म्हणजे १५ किलो दुधात ७०० ग्रॅम. टक्केवारी ४.६७. दर स्निग्धांशावर ठरत असल्यामुळे ५.२५ आणि ४.६७ यांतील फरक म्हणजे थेट पैशांचा फरक होय, आणि केंद्रावरील यंत्रावर संशय घेण्यापूर्वी हा हिशेब एकदा करून पाहणे बरे.

येथे ३.५ या आकड्याचा भार १० आहे आणि ७ या आकड्याचा भार ५. प्रत्येक टक्क्याला त्याच्या वजनाने गुणावे, गुणाकारांची बेरीज करावी आणि एकूण वजनाने भागावे. हीच भारित सरासरी. नियम लहान असला तरी त्यामागील कल्पना लक्षात ठेवण्याजोगी आहे. मिसळण्याच्या क्रियेत जे जसेच्या तसे टिकून राहते ते पदार्थाचे वजन. टक्का हा नंतर काढलेला भागाकार असतो. म्हणून टक्क्यांची परस्पर बेरीज करता येत नाही, आधी त्यांचे किलो किंवा ग्रॅम करावे लागतात.

याच कल्पनेतून एक सोपी पडताळणीही मिळते. मिश्रणाचा टक्का नेहमी दोन घटकांच्या टक्क्यांच्या मध्येच असतो आणि ज्याचे वजन अधिक त्याच्याकडे झुकलेला असतो. मक्याचा भरडा (सुमारे ९ टक्के) आणि गव्हाचा कोंडा (सुमारे १५ टक्के) कितीही उलटसुलट प्रमाणात मिसळले, तरी २० टक्के प्रथिनांचे आंबोण त्यांतून होणार नाही. उत्तर या मर्यादेबाहेर गेले की हिशेब चुकला असे निःशंक समजावे.

उलटा प्रश्न: किती घ्यावे?

गोठ्यात प्रश्न बहुधा उलटा येतो. मिश्रण कोणते हवे ते ठाऊक असते, घटकांचे टक्के ठाऊक असतात, वजने मात्र शोधावयाची असतात. समजा मक्याचा भरडा ९ टक्के, शेंगदाणा पेंड ४२ टक्के आणि हवे असलेले आंबोण २० टक्के प्रथिनांचे आहे.

एक किलो पेंड मिश्रणात ४२० ग्रॅम प्रथिने आणते. आवश्यकता २०० ग्रॅमची. म्हणजे २२० ग्रॅम जादा. एक किलो भरडा ९० ग्रॅम आणतो. म्हणजे ११० ग्रॅमची तूट. एका किलो पेंडीतील जादा भाग दोन किलो भरड्यातील तूट नेमकी भरून काढतो. म्हणून भरडा दोन भाग, पेंड एक भाग. १०० किलोसाठी भरडा ६६.७ किलो आणि पेंड ३३.३ किलो. पडताळणी: भरड्यातून ६ किलो, पेंडीतून १४ किलो, एकूण २० किलो प्रथिने.

पशुपोषणाच्या पुस्तकांत हीच रीत ‘पिअर्सन चौकोन’ या नावाने असते. चौकोनाच्या डाव्या कोपऱ्यांत दोन घटकांचे टक्के, मध्यभागी हवा असलेला टक्का, आणि कर्णाच्या दिशेने वजाबाकी करून उजव्या कोपऱ्यांत आलेले आकडे म्हणजे घटकांचे भाग. येथे ४२ मधून २० गेले २२, हे भरड्याचे भाग. २० मधून ९ गेले ११, हे पेंडीचे भाग. चौकोन पाठ करणाऱ्यांची नेहमीची अडचण ही की कोणती वजाबाकी कोणाच्या वाट्याला, हे काही दिवसांनी आठवत नाही. जादा आणि तूट यांचा विचार केला तर ते पाठ करावेच लागत नाही. ज्या घटकाचा टक्का उद्दिष्टापासून दूर, तो थोडा लागतो. जो जवळ, तो जास्त लागतो.

ही रीत परदेशी पुस्तकांतून आली असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ती सोन्याच्या गणितात स्पष्टपणे दिलेली आहे. इ.स. ११५० मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथात सोन्याचा कस ‘वर्ण’ या एककात मोजला असून शुद्ध सोने १६ वर्णांचे मानले आहे. १६ वर्णांच्या आणि १० वर्णांच्या दोन गोळ्या एकत्र वितळवून १२ वर्णांचे सोने झाले, तर प्रत्येकीचे वजन किती, असा तेथील एक प्रश्न आहे. १६ वजा १२ म्हणजे ४ भाग हलक्या सोन्याचे, १२ वजा १० म्हणजे २ भाग शुद्ध सोन्याचे. दोनास एक. वर भरडा आणि पेंडीचे जे गुणोत्तर आले, तेच हे. भास्कराचार्यांनी आपल्या गावाचे नाव विज्जडविड असे दिले आहे. ते गाव कर्नाटकातील विजापूर की महाराष्ट्रातील चाळीसगावजवळचे पाटण, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांच्या नातवाने या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख मात्र पाटण येथे आहे. सराफाच्या मुशीतील नियम गोठ्यातील घमेल्यालाही तसाच लागू पडतो, एवढे येथे पुरे.

प्रत्यक्ष आंबोण दोन घटकांचे नसते

वरील मिश्रणात खनिज मिश्रण आणि मीठ नाही, आणि त्यांच्याशिवाय आंबोण पूर्ण होत नाही. १०० किलोत २ किलो खनिज मिश्रण आणि १ किलो मीठ घातले, तर त्या ३ किलोंत प्रथिने शून्य असतात. म्हणजे उरलेल्या ९७ किलोंनीच २० किलो प्रथिने द्यावयाची. त्यांचा टक्का २० नव्हे, तर २० भागिले ९७, म्हणजे २०.६२ हवा. नवे उद्दिष्ट धरून हिशेब केला की पेंड सुमारे ३४ किलो आणि भरडा सुमारे ६३ किलो येतो. आधी भरडा-पेंडीचे १०० किलो मिश्रण करून वरून ३ किलो खनिज-मीठ टाकल्यास टक्का १९.४ वर उतरतो. फरक लहान आहे. पण उद्या कोणी याच रीतीने १० किलो मळी किंवा भुसा ‘वरून’ टाकील, तेव्हा तो लहान राहणार नाही.

घटक चार-पाच असतील तर त्यांचे दोन गट करावेत: एक ऊर्जा देणारा, दुसरा प्रथिने देणारा. पहिल्या गटात दोन भाग मका आणि एक भाग गव्हाचा कोंडा घेतल्यास त्याचा टक्का (९ + ९ + १५) भागिले ३, म्हणजे ११. दुसऱ्या गटात शेंगदाणा पेंड (४२) आणि सरकी पेंड (२२) सारख्या वजनाने घेतल्यास ३२. आता ११ आणि ३२ यांतून २०.६२ साधावयाचे. ऊर्जा-गटाचे भाग ११.३८, प्रथिन-गटाचे ९.६२. ९७ किलोंत पहिला गट सुमारे ५२.५ किलो, दुसरा ४४.५ किलो. म्हणजे मका ३५, कोंडा १७.५, दोन्ही पेंडी प्रत्येकी सव्वाबावीस किलो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. गटाचा टक्का हा गटातील प्रमाणावर अवलंबून असतो. हिशेब झाल्यावर गटाच्या आतील प्रमाण बदलले, की सर्व हिशेब पुन्हा करावा लागतो. शेंगदाणा पेंड महागली किंवा संपली म्हणून तिच्या जागी तेवढ्याच वजनाची सरकी पेंड टाकली जाते. पोती तीच, रंगरूप जवळपास तेच, वजन तेच. प्रथिने मात्र: मक्यातून ३.१५ किलो, कोंड्यातून २.६३ किलो आणि ४४.५ किलो सरकी पेंडीतून ९.७९ किलो, एकूण सुमारे १५.६ किलो. २० टक्क्यांचे आंबोण १५.६ टक्क्यांवर आले. ‘पेंडीच्या जागी पेंड’ हा गोठ्यातील बहुधा सर्वांत महागडा बदल असावा, कारण तो कोणाच्या लक्षातच येत नाही.

पाण्याचा भाग

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. नाचणीचे काड वाळलेले असते. त्याच्या एका किलोत सुमारे ९०० ग्रॅम शुष्क पदार्थ असतो. बिअर कारखान्यातील चोथ्याच्या एका किलोत शुष्क पदार्थ साधारण २२० ग्रॅमच असतो, बाकीचे पाणी. तक्त्यातील ४ आणि २५ हे दोन्ही आकडे शुष्क पदार्थावरचे आहेत. म्हणून १३ : ८ हे गुणोत्तर काड आणि चोथा यांच्या शुष्क पदार्थांचे होते, पशुपालकाने ते ओल्या वजनांना लावले.

त्याच्या गव्हाणीत काय पडले ते पाहावे. १३ किलो काडातून ११.७ किलो शुष्क पदार्थ आणि त्यात ४६८ ग्रॅम प्रथिने. ८ किलो चोथ्यातून १.७६ किलो शुष्क पदार्थ आणि त्यात ४४० ग्रॅम प्रथिने. एकूण १३.४६ किलो शुष्क पदार्थात ९०८ ग्रॅम, म्हणजे ६.७५ टक्के.

बरोबर वजने काढण्यासाठी गुणोत्तरातील प्रत्येक भागाला त्या घटकाच्या शुष्क अंशाने भागावे. काड: १३ भागिले ०.९०, म्हणजे १४.४. चोथा: ८ भागिले ०.२२, म्हणजे ३६.४. एका किलो काडाला सुमारे अडीच किलो ओला चोथा. पशुपालकाने दिला होता जेमतेम ६०० ग्रॅम.

लीलावतीतील सोन्याचा आणखी एक प्रश्न येथे अगदी चपखल बसतो. १३, १२, ११ आणि १० वर्णांचे सोने अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ माषे घेऊन एकत्र केले. गुणाकार १३०, ४८, २२ आणि ४०, बेरीज २४०, एकूण वजन २० माषे, म्हणून कस १२. पुढे भास्कराचार्य विचारतात की हेच सोने तापवून शुद्ध केल्यावर २० चे १६ माषे उरले, तर कस किती? २४० भागिले १६, म्हणजे १५. मळ गेला, वजन घटले, सोने तेवढेच राहिले, म्हणून कस वाढला. चारा वाळविताना हेच घडते. पाणी जाते, वजन घटते, प्रथिने तेवढीच राहतात आणि टक्का वाढलेला दिसतो. २५ टक्के प्रथिनांचा चोथा ओल्या अवस्थेत फक्त ५.५ टक्के प्रथिनांचा असतो (२५ गुणिले ०.२२). त्याच्या एका किलोत ५५ ग्रॅम प्रथिने आहेत. सरकी पेंडीच्या एका किलोत २२० ग्रॅम. केवळ प्रथिनांचा विचार केला तर चार किलो ओला चोथा एका किलो सरकी पेंडीच्या तोडीचा आहे. पेंडीचा भाव किलोला ३६ रुपये धरला, तर चोथा गोठ्यापर्यंत येऊन ९ रुपयांपेक्षा महाग पडू नये. वाहतूक ही पाण्याचीच अधिक होते आणि उन्हाळ्यात हा माल काही दिवसांतच आंबतो, बुरसतो, हेही भावात धरावे लागते. चोथा वाईट नाही. तो कोणत्या भावाने परवडतो, एवढाच प्रश्न आहे.

ट्रकगणिक ओलावा बदलतो, म्हणून तक्त्यातील २२ वर विसंबून राहू नये. शुष्क अंश गोठ्यातही काढता येतो. एक किलो माल पातळ पसरून कडक उन्हात, वजन स्थिर होईपर्यंत काही दिवस वाळवावा. समजा २४५ ग्रॅम उरला. उन्हात वाळलेल्या मालातही सुमारे दहावा भाग ओलावा राहतो; म्हणून २४५ ला ०.९ ने गुणावे. २२० ग्रॅम, म्हणजे २२ टक्के. हाच माल निथळण्यापूर्वी भरून आला आणि शुष्क अंश १८ टक्के निघाला, तर किलोमागे प्रथिने ५५ वरून ४५ ग्रॅमवर येतात. खरेदीदाराने तेवढ्याच रुपयांत अधिक पाणी घेतलेले असते. कोल्हापूर-सांगलीकडील उसाचे वाढे, हत्ती गवत, मक्याचा मुरघास, सर्वांना हाच नियम लागू आहे.

गणित बरोबर, जनावर धोक्यात

मिश्रणाच्या रीतीत एक आंधळेपणा आहे आणि विस्तार कार्यकर्त्याने तो स्पष्टपणे सांगितला पाहिजे. प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजली जात नाहीत. नत्र मोजले जाते आणि त्याला ६.२५ ने गुणले जाते, कारण प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असते. ही पद्धत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत शोधली. ती प्रयोगशाळा बिअर कारखान्याची होती, हा योगायोग आरंभीच्या चोथ्याच्या संदर्भात गमतीचा वाटतो. ‘कच्ची प्रथिने’ या नावातील ‘कच्ची’ हा शब्द याच मर्यादेची कबुली देतो.

युरियात ४६ टक्के नत्र असते. ४६ गुणिले ६.२५ म्हणजे २८७.५. चौकोनाच्या दृष्टीने युरिया हा २८७.५ टक्के प्रथिनांचा घटक ठरतो. आता कोणी मका आणि युरिया यांतून २० टक्क्यांचे आंबोण मांडले, तर चौकोन निमूटपणे उत्तर देतो: मका २६७.५ भाग, युरिया ११ भाग. १०० किलोत सुमारे ४ किलो युरिया. पेंडीच्या भावाशी तुलना करता हे उत्तर मोहात पाडणारे आहे आणि सवय नसलेल्या जनावराला ते जीवघेणे ठरू शकते. कोठीपोटात युरियाचे अमोनियात रूपांतर फार वेगाने होते; तेथील सूक्ष्मजीवांना वापरता येईल त्याहून अधिक अमोनिया तयार झाला की तो रक्तात उतरतो. अशा आंबोणाचे चार किलो म्हणजे दिवसाला जवळपास १६० ग्रॅम युरिया.

म्हणून युरियाची मर्यादा गणिताबाहेरून आणावी लागते. आंबोणात १ टक्क्यापेक्षा अधिक युरिया नसावा, तो मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावरांनाच द्यावा, वासरांना मुळीच देऊ नये आणि त्याची सवय हळूहळू लावावी. ही मर्यादा आधी घालून मग चौकोन मांडावा. १०० किलोत १ किलो युरिया म्हणजे २.८८ किलो प्रथिनांइतके नत्र. खनिज-मीठ ३ किलो. उरलेल्या ९६ किलोंतून १७.१२ किलो प्रथिने हवीत. हिशेबाने पेंड सुमारे २५.७ किलो आणि मका ७०.३ किलो येतो. म्हणजे पेंडीची बचत ३४ वरून २६, सुमारे ८ किलो. याहून मोठी बचत युरियातून काढू नये.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. वाळलेल्या काडावर प्रक्रिया करताना १०० किलोला ४ किलो युरिया वापरण्याची शिफारस आहे. मग तो ४ टक्का चालतो कसा? फरक वेळेचा आणि हवाबंदपणाचा आहे. तेथे युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात विरघळवून काडावर शिंपडतात आणि ढीग २१ दिवस हवाबंद ठेवतात. त्या काळात युरियाचा अमोनिया होऊन तो काडाचे तंतू सैल करतो, आणि ढीग उघडून काड पसरून ठेवल्यावर त्यातील मोठा भाग हवेत निघून जातो. जनावराच्या पोटात ४ टक्के युरिया जात नाही. प्रक्रिया न झालेल्या काडावर युरियाचे पाणी शिंपडून लगेच खायला घालणे ही मात्र वेगळी आणि धोक्याची गोष्ट आहे. जाता जाता, त्या द्रावणाची तीव्रता ४ भागिले ५० करून ८ टक्के सांगितली जाते. वजनाने ती ४ भागिले ५४, म्हणजे ७.४ टक्के असते. विरघळलेला युरियाही द्रावणाच्या वजनात मोजावा लागतो.

सरासरीआड जे लपते

भारित सरासरी असे गृहीत धरते की मिश्रण सर्वत्र सारखे आहे. एक किलो युरिया किंवा दोन किलो खनिज मिश्रण थेट शंभर किलोंच्या ढिगावर टाकून दोन वेळा फावडे फिरवले, तर कागदावरचा १ टक्का एखाद्या घमेल्यात ५ टक्के होतो आणि दुसऱ्यात शून्य. युरियाच्या गुठळ्या फोडून तो प्रथम चार-पाच किलो कोंड्यात, मग ते सर्व वीस-पंचवीस किलोंत आणि शेवटी पूर्ण ढिगात मिसळावा. प्रत्येक पायरीला प्रमाण चार-पाच पटींनी उतरते आणि लहान ढिगात फावडे सर्वत्र पोहोचते.

बुरशीच्या विषाचेही असेच आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या पशुखाद्य मानकात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे. ३४ टक्के शेंगदाणा पेंड असलेल्या आंबोणात ही मर्यादा ओलांडण्यास पेंडीत किलोमागे ६० मायक्रोग्रॅम विष पुरते, मका पूर्ण निर्दोष असला तरी. चांगल्या मालात मिसळून वाईट माल ‘पातळ’ करण्याचा विचार येथे दोन कारणांनी टिकत नाही. बुरशी पेंडीच्या काही तुकड्यांतच असते, त्यामुळे सरासरी मर्यादेत असूनही एखाद्या गव्हाणीत ती कितीतरी पटींनी अधिक पडते. शिवाय विषाचा अंश दुधात उतरतो आणि दुधातील अफ्लाटॉक्सिन एम-१ ची मर्यादा तर किलोमागे अवघी ०.५ मायक्रोग्रॅम आहे. बुरसलेली पेंड बाजूला काढणे हाच मार्ग.

पचनाच्या बाबतीतही सरासरी पूर्ण खरी नसते. प्रथिने, कॅल्शियम, किंमत यांची वजनानुसार बेरीज होते. पण भरड्याचे प्रमाण फार वाढले की काडातील तंतूंचे पचन मंदावते, आणि मिश्रणातून मिळणारी ऊर्जा दोन घटकांच्या भारित सरासरीपेक्षा कमी भरते. शिवाय चौकोनात एका वेळी एकच पोषक घटक साधता येतो. प्रथिने, ऊर्जा, कॅल्शियम, स्फुरद आणि किंमत हे सर्व एकत्र साधावयाचे असेल तर संगणकाचे साहाय्य घ्यावे. बेंगळूरूच्या आडुगोडी येथे १९९५ पासून कार्यरत असलेल्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्थेने दुभत्या जनावरांच्या संतुलित आहारासाठी ‘फीड असिस्ट’ ही प्रणाली विकसित केली आहे. अशा प्रणालींतही घटकाचा शुष्क अंश चुकीचा धरला गेला, तर उत्तर दशांशापर्यंत सुबक आणि तरीही काडा-चोथ्याच्या त्या पहिल्या मिश्रणासारखेच असते.

प्रयोगशाळेच्या अहवालाविषयी एक सूचना. नमुना पोत्याच्या तोंडाशी नव्हे, तर ढिगाच्या आठ-दहा ठिकाणांहून थोडा थोडा घेऊन एकत्र करावा आणि ओल्या मालाचा असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून त्याच दिवशी पाठवावा. पाणी वाटेतच उडाले तर शुष्क अंश चुकतो. अहवालातील प्रथिनांचा टक्का ‘प्राप्त स्थितीत’ आहे की ‘शुष्क पदार्थावर’, हे त्यावर लिहिलेले नसल्यास विचारून घ्यावे. एकातून दुसरा काढणे कठीण नाही. १० टक्के ओलावा असलेल्या, प्राप्त स्थितीत २० टक्के प्रथिनांच्या आंबोणासाठी २० भागिले ०.९०, म्हणजे शुष्क पदार्थावर २२.२ टक्के. चोथ्यासाठी ५.५ भागिले ०.२२, म्हणजे २५. चौकोन मांडताना दोन्ही घटकांचे आकडे एकाच आधारावरचे घ्यावेत, आणि वजनकाट्यावर चढविण्यापूर्वी प्रत्येक भाग त्याच्या शुष्क अंशाने भागावा.